गावच्या घराला चुन्याचा गिलावा, एक पावसाळा काढून झाल्यावर

आम्ही ऐरोलीत राहतो आणि गावचं घर शहापूर तालुक्यात, आसनगावला उतरून पुढे रिक्षा. सासऱ्यांच्या आजोबांनी बांधलेलं, काळ्या दगडाचं जोतं, वर मातीत रचलेल्या विटा. सहा वर्षांपूर्वी एका कॉन्ट्रॅक्टरने बाहेरून सिमेंट प्लास्टर करून त्यावर महागडं वॉटरप्रूफ कोटिंग मारलं, आणि दोन पावसाळ्यांत आतून लोणा लागला, पोपडे सुटले, ओटीवर रोज सकाळी झाडू मारला की सुपडीभर पांढरी पूड. शेवटी या एप्रिलमध्ये सगळं खरवडून चुन्याचा गिलावा केला. आता नोव्हेंबर आहे, आणि 'टिकला का गं?' विचारणारे नातेवाईक इतके झालेत की एकदाच लिहून टाकते.

टिकला. म्हणजे बराचसा.

माजघर यंदा जुलैतसुद्धा कोरडं होतं, गाद्यांना तो कुबट वास नाही. गवंडीकाकांनी सांगितलेलं कारण मला पटलं, की मातीत रचलेली भिंत खालून ओल ओढणारच, तिला बाहेर जायला वाट पाहिजे. सिमेंटने बाहेरची वाट बंद केली की ती आत निघते आणि येताना क्षार घेऊन येते, तोच लोणा. चुन्यातून ओल वाळून जाते.

पण काम सोपं नाहीये, आधीच सांगते. चुनकळी (भाजलेल्या चुन्याचे खडे) पाण्यात टाकली की रटरट उकळते. आम्ही शहाण्यांनी पहिली घमेली प्लास्टिकच्या पिंपात ओतली आणि पिंप एका बाजूने वाकडं झालं, मग लोखंडी आणलं. कळी पाण्यात टाकायची, कळीवर पाणी ओतायचं नाही, आणि गॉगल, हातमोजे पाहिजेतच, डोळ्यात उडाला तर खेळ नाही. लेकीला त्या दोन दिवसांत अंगणात पायच ठेवू दिला नाही. भिजवलेला चुना महिनाभर पाण्याखाली ठेवला, मग 1 भाग चुना, 3 भाग वाळू, जोत्याजवळ ओल जास्त म्हणून तिथे थोडी वाळू कमी करून विटांची सुरखी (भुकटी). गूळ आणि हिरड्याचं पाणी घालायचा आग्रह नानांचा (सासरे), तीन दिवस अंगणात त्याचा आंबूस वास आणि मुंग्यांची जत्रा.

मोठी चूक म्हणजे एप्रिल. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू घट्ट होतो, तोपर्यंत ओलसर राहायला हवा, आणि आमच्याकडे उन्हाळ्यात विहिरीला तळ दिसतो. भातसा, तानसा आमच्याच तालुक्यात, पाणी मुंबईला, आणि आम्ही भिंतीवरची गोणपाटं भिजवायला टँकर मागवतोय! दक्षिणेची भिंत तरी वाळलीच पटकन, तिच्यावर केसासारख्या चिरा आहेत. दिवाळीनंतर काम काढा, थंडीत करा.

खर्च सिमेंटच्या साधारण पावणेदोन पट गेला, कारण थर पातळ, दोन थरांत दिवस सोडायचे, मजुरी वाढते. सफेदीला पाठ टेकली की कपड्याला लागते, डिंक घालूनही थोडी लागतेच. सासूबाईंना ते अजिबात आवडलेलं नाही, ओटीवर त्यांनी कमरेएवढी चटई ठोकून घेतली, दिसतेही छान.

आणि आता खरी गोष्ट. पश्चिमेच्या भिंतीला खालची वीतभर पट्टी सप्टेंबरपर्यंत झडून गेली. पागोळ्या खाली फरशीवर आपटून भिंतीवर उडत होत्या, त्यात चुन्याचा दोष नाही. उलट बाकी तीन बाजूंना काहीच झालं नाही, कारण तिथला सिमेंटचा कोबा आम्ही मे महिन्यात फोडून काढला होता. कधीतरी चिखल नको म्हणून घराभोवती कोबा केलेला होता, त्याचा उतार भिंतीकडे, म्हणजे पावसाचं पाणी जोत्याशी तुंबून राहायचं. तो काढला, माती घराबाहेर उतरती केली, पागोळ्यांच्या रेषेत खडीचा चर भरला. पश्चिमेला फरशी तशीच ठेवली कारण जाऊबाईंची भांडी घासायची जागा.

त्यामुळे माजघर कोरडं झालं ते चुन्याने की कोबा फोडल्याने, यावर माझ्या नवऱ्याचा आणि नानांचा वाद अजून चालू आहे. मला विचाराल तर आधी कोबा फोडा, एक पावसाळा बघा, मग गिलाव्याला हात लावा. आम्ही दोन्ही एकदम केलं.

बाथरूमला मात्र चुना लावला नाही आणि लावूही नका, रोजचं पाणी त्याला झेपत नाही.

पिंपात अर्धा चुना उरलाय, पाण्याखाली असला की खराब होत नाही. डिसेंबरमध्ये पश्चिमेची पट्टी परत करायचीय, जाऊबाईंना मागे न्हाणीजवळ नवा कट्टा करून देऊ असं कबूल केलंय, पण त्यांनी अजून हो म्हटलेलं नाही.