मशेरीचा डाग आणि डेंटल कॉलेजची ओपीडी

पद्मावतीला माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे, बावीस वर्षं झाली. आजवर कापडाच्या दुकानांशिवाय कशाबद्दल लिहिलं नाही. पण गेल्या श्रावणापासून पुण्यातल्या एका डेंटल कॉलेजच्या ओपीडीत माझ्या पाच फेऱ्या झाल्या. त्याबद्दल सविस्तर लिहायचंच, असं तिथून पहिल्यांदा परत येतानाच ठरवलं होतं. कॉलेजचं नाव मुद्दाम देत नाही. मी गेले तो ओरल मेडिसिन, म्हणजे तोंडाच्या आजारांचा विभाग प्रत्येक डेंटल कॉलेजात असतो, तेव्हा आपल्या घराजवळचं कॉलेज गाठावं.

आधी माझं सांगते. वय ५३. माहेर तासगाव तालुक्यातलं. मशेरी लागली ती सासरी, एकोणिसाव्या वर्षी. दाढ ठणकत होती, सासूबाईंनी बोटावर मशेरी दिली आणि ठणका थांबला. तेव्हापासून ती आमच्याकडे औषधच. तंबाखूची पानं तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, हाताने चुरायची, मलमलच्या फडक्यातून चाळून डबीत भरायची. घरभर ठसका उठायचा. सकाळी पहिलं बोट, दुपारी जेवणानंतर दुसरं, मशीन बंद केल्यावर तिसरं. जागा ठरलेली, खालच्या ओठाच्या आत, डाव्या अंगाला. २०१५ साली आमच्या तासगावचे नेते आर. आर. पाटील, आमचे आबा, तोंडाच्या कॅन्सरने गेले, तेव्हा आमच्या अख्ख्या तालुक्यात चूल पेटली नव्हती असं आई फोनवर सांगत होती. मी इकडे टीव्हीसमोर बसून रडले आणि झोपताना मशेरी लावली. आबांची तंबाखू आणि माझी मशेरी एकच, हे तेव्हा मनातसुद्धा आलं नाही.

डाग दिसला धाकट्या सुनेला. मी ओठ खाली ओढून दात घासत होते. ती म्हणाली, "आई, तिथे दूध लागलंय का?" फडक्याने पुसलं, निघेना. बोटाने खरवडलं, तरी तसाच. पांढरट, किंचित सुरकुतलेला, कडक इस्त्री फिरून कापड चरचरीत होतं तसा हाताला लागणारा. दुखत नव्हता. पुसून निघत नाही हीच त्या डागाची खरी खूण, हे मला दोन महिन्यांनी कळलं. त्याला डॉक्टर ल्युकोप्लाकिया म्हणतात. तो कॅन्सर नव्हे, पण पुढे कॅन्सर होऊ शकतो असा डाग.

मधले दोन महिने कुठे गेले तेही सांगते, कारण तिथे माझ्यासारख्या अनेकजणी अडकत असतील. मी गेले एका लॅबमध्ये. काउंटरवर बोर्ड होता, कॅन्सर मार्कर पॅकेज, म्हणजे रक्तात कॅन्सरच्या खुणा शोधायच्या तपासण्या. २,८०० रुपये भरले, रक्त दिलं. दुसऱ्या दिवशी मोबाइलवर रिपोर्ट आला. सीईए, सीए-१२५, सीए १९-९, एएफपी, सगळे आकडे मर्यादेत. मी देवापुढे साखर ठेवली आणि मशेरी चालू ठेवली. त्या लॅबमध्ये मला एकानेही तोंड उघडायला सांगितलं नाही. त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. यातली एकही तपासणी तोंडाचा कॅन्सर शोधण्यासाठी नसते. कुठली अंडाशयाच्या आजारात, कुठली आतड्याच्या, कुठली यकृताच्या आजारात बघतात, तीही बहुतेक आजार कळल्यावर, उपचार लागू पडतोय का हे पाहायला. सीईए तर नुसत्या विडी-सिगारेटनेही वाढलेली दिसू शकते.

आता ओपीडी. केसपेपर सकाळी नऊला सुरू होतो. मी साडेनऊला पोचले, नंबर लागला सव्वाअकराला. पाट्या सगळ्या इंग्रजीत, त्यामुळे आधी चुकून दात काढायच्या रांगेत उभी राहिले. बाकडी दोनच, बाकीचे भिंतीला टेकून. पिण्याच्या पाण्यासाठी खाली उतरावं लागतं. कॉलेजने एवढं तरी सुधारायला हवं. तिथे येणारी अर्धी माणसं हडपसर, मांजरी, खेड-शिवापूरकडची, इंग्रजी न वाचणारी असतात.

रांगेत माझ्या शेजारी बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा होता. मावा, म्हणजे सुपारी-तंबाखूचं मिश्रण, खाणारा. त्याने स्वतःहून सांगितलं, पाणीपुरीची पुरी तोंडात जात नाही, फोडून खावी लागते. तिखट तर जिभेवर टेकवतही नाही. डॉक्टरांनी नंतर सांगितलं, हे सुपारीने होतं. गालाच्या आतलं मऊ अस्तर आवळत जातं, दोऱ्यासारखे पट्टे तयार होतात आणि जबडा कमी कमी उघडतो. सुपारी सोडली तर पुढची वाढ थांबू शकते, पण आवळलेलं सगळं परत सैल होत नाही. सुपारी म्हणजे पूजेतली, मुखशुद्धीतली, तिने काय होणार, असं मीही म्हणायचे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने तंबाखू नसलेली नुसती सुपारीसुद्धा कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात २००४ सालीच घातली आहे. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी पानमसाल्याची एक पुडी आणि तंबाखूची दुसरी, अशी जोडी टपरीवर मिळते. त्या मुलाचं तोंड दोन बोटं उघडत होतं, तीन नाही. त्याची आई सोबत होती. तिचा चेहरा माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

आत खुर्ची, वर दिवा, दोन छोटे आरसे. आधी एका शिकाऊ मुलीने विचारपूस केली. "काकू, मशेरी किती वेळा?" मी म्हटलं, कधीमधी. मग मोठ्या मॅडम आल्या. त्यांनी एवढंच विचारलं, "डबी किती दिवसांत संपते?" आठ दिवसांत, मी बोलून गेले. त्या रागावल्या नाहीत, कागदावर लिहून घेतलं. दारू, विडी, घरात कोणाला कॅन्सर, टोकदार दात, कवळी, जेवणात भाजी-फळं किती, सगळं विचारलं. तंबाखू आणि दारू दोन्ही असतील तर धोक्याची नुसती बेरीज होत नाही, तो कितीतरी पटींनी वाढतो, हे तेव्हाच समजावलं. एचपीव्ही विषाणूचं मी टीव्हीवर ऐकलं होतं म्हणून विचारलं. तो मुख्यतः घशाच्या मागच्या भागात, टॉन्सिलजवळ कॅन्सर करतो, आपल्याकडे ओठ-गालाच्या कॅन्सरमागे जास्त करून तंबाखू आणि सुपारीच असते, असं उत्तर मिळालं.

मग तपासणी, आणि ती फार नीट. आधी मानेच्या गाठी चाचपल्या. ओठ उलटवले. गाल आणि हिरडीच्या मधली खाच बोटाने पुसत पाहिली, कारण माणूस तंबाखूची गोळी तिथेच धरतो आणि आपल्या देशात कॅन्सर तिथेच जास्त होतो. जीभ जाळीच्या कापडाने धरून एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे ओढली. जिभेखाली पाहिलं. जिभेच्या कडेचा आणि जिभेखालचा डाग जास्त वाईट, आणि पांढऱ्यापेक्षा लाल किंवा लाल-पांढरा मिसळलेला डाग जास्त घातक, हे मॅडम विद्यार्थ्यांना मराठीतून सांगत होत्या, मला कळावं म्हणून. शेवटी पट्टीने तोंड किती उघडतं ते मोजलं, ४१ मिलिमीटर. डागही मोजला, १८ बाय ११. या सगळ्याला दहा मिनिटं लागली. चार विद्यार्थी आळीपाळीने तोंडात डोकावले. लाज वाटली, पण त्यांनी आधी विचारलं होतं.

त्याच मॅडमनी केरळचं सांगितलं. तिरुवनंतपुरम जिल्ह्यात शिकवून तयार केलेल्या आरोग्य कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन लोकांची तोंडं नुसत्या डोळ्यांनी तपासली. तंबाखू किंवा दारूची सवय असलेल्यांमध्ये तोंडाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले. २००५ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलंय. यंत्र नाही, रक्त नाही, उजेड आणि शिकलेली नजर.

माझ्या डागावर त्यांनी निळं औषध लावलं, टोल्युडिन ब्लू. चूळ भरल्यावर बाकीचा निळा रंग गेला, एका कोपऱ्यात मात्र टिकला. मी ओळखलं. कापड कापायच्या आधी आपण खडूने खूण करतो, तसं. तुकडा तिथूनच घ्यायचा होता.

बायोप्सीला, म्हणजे तपासायला तो तुकडा काढायला, मी नाही म्हटलं. आमच्या वाड्यातल्या सगळ्या बायका म्हणतात, सुरी लावली की पसरतो. मॅडमनी खुर्ची जवळ ओढली आणि म्हणाल्या, "काकू, सुरीने पसरत नाही. न कापता घरी बसल्यावर आतल्या आत वाढतो, आणि लोक सुरीला दोष देतात." शनिवारी गेले. भुलेची सुई, मग काही कळलं नाही, नुसतं ओढल्यासारखं. तांदळाच्या दाण्यापेक्षा जरा मोठा तुकडा बाटलीत पडलेला मी पाहिला. दोन टाके. माझं आयुष्य टाक्यांत गेलं, तरी स्वतःच्या ओठातला टाका जिभेला लागला तेव्हा पोटात गोळा आला. आठ दिवसांनी टाके काढले आणि रिपोर्ट मिळाला, सौम्य डिस्प्लेसिया, म्हणजे पेशींत थोडा बिघाड, पण कॅन्सर नाही.

इथे त्या विभागाने जे केलं त्यासाठी मी पाच तारे देते. मला खाली पॅथॉलॉजीत नेलं आणि दोन माणसांनी एकदम बघायच्या सूक्ष्मदर्शकातून माझाच तुकडा दाखवला. गुलाबी आणि जांभळा. वर पातळ थर, खाली ठिपक्यांची ओळ, त्याखाली एक बारीक रेघ. तिथले सर म्हणाले, ही रेघ म्हणजे अस्तर समजा. खालच्या एक तृतीयांश थरातल्या पेशी बिघडल्यात, वरच्या शाबूत आहेत, म्हणून सौम्य. बिघाड वरपर्यंत चढला तर तीव्र. आणि अस्तर फाडून पेशी खाली उतरल्या तर कॅन्सर. तुमचं अस्तर धड आहे. मला इतकं स्वच्छ आजवर कोणी काही समजावलं नव्हतं.

मग मी मार्करचं विचारलं, २,८०० रुपये डोक्यात होतेच. त्यांनी शांतपणे सांगितलं. तोंडाच्या कॅन्सरचे मार्कर आहेत, पण बघतात ते बहुतेक तुकड्यातच. पी-५३ नावाचं एक प्रथिन असतं. पेशीतला धागा, म्हणजे डीएनए, तुटला की ते प्रथिन पेशीची वाढ थांबवतं. तेच बिघडलं की तुटक्या धाग्याने मशीन चालूच राहतं. केआय-६७ नावाचं दुसरं प्रथिन रंगवलं की किती पेशी वाढायच्या घाईत आहेत ते तपकिरी दिसतं. शंका असेल तेव्हा किंवा संशोधनात हे उपयोगी पडतं, पण यातला एकटा मार्कर कोणाला कॅन्सर होणार हे ठरवत नाही. थुंकीतल्या प्रथिनांवर, पेशीतले निरोप नेणाऱ्या आरएनएवरही बरीच वर्षं काम चाललंय, पण बायोप्सीची जागा घेईल असं त्यातलं काही अजून नाही. लाकडी पट्टीने गाल खरवडून पेशींतली फुटकी केंद्रकं मोजण्याचा विद्यार्थ्यांचा एक प्रकल्पही चालू होता. तंबाखूवाल्यांत ती जास्त सापडतात. मी सही करून माझ्याही पेशी दिल्या.

आणि मशेरी भाजलेली असते म्हणून सौम्य, हा समज पार चुकीचा निघाला. तंबाखूतली नायट्रोसमाइन नावाची विषं भाजल्याने जात नाहीत. उलट भाजताना धुरातली काही घातक द्रव्यं नव्याने तयार होतात.

सोडताना हाल झाले. पहिले चार दिवस हात थरथरायचा, एका गिऱ्हाइकाची बाही उलटी लागली. विभागातच समुपदेशनाचं टेबल आहे, तिथून सरकारी टोल फ्री नंबर मिळाला, १८००-११-२३५६. मी दोनदा फोन केला. सकाळच्या बोटाच्या वेळेला बडीशेप-लवंग, मशीनवर पाण्याची बाटली, आणि डबी सुनेने माझ्यासमोर बंबात टाकली.

खर्च सांगते. केसपेपर २० रुपये, बायोप्सी आणि रिपोर्ट मिळून लॅबच्या पॅकेजच्या निम्म्याहूनही कमी. जाताना जुने रिपोर्ट न्या. साखरेची, रक्तदाबाची किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधी सांगा. बायोप्सीच्या दिवशी पोटभर खाऊन जा, नंतर दिवसभर मऊ भातच जातो. दर तीन महिन्यांनी बोलावतात आणि तारीख चुकली तर विद्यार्थिनी फोन करते. मी एकदा चुकवली, तर दोनदा फोन आला.

परवाच्या फेरीत डाग मोजला, ९ बाय ६. रंगही फिका झालाय. मॅडम म्हणाल्या, जाईलच असं नाही, पण दिशा चांगली आहे, आणि तपासणी सोडायची नाही.

दुकानाच्या ट्रायल रूममध्ये मोठा आरसा आहे, वर ट्यूबलाइट. दर महिन्याच्या एक तारखेला मी तिथे दार लावून ओठ, गाल, जिभेच्या कडा बघते. गेल्या आठवड्यात माप द्यायला आलेल्या एका मावशींच्या बोटाला काळं लागलेलं दिसलं. मी विचारलं, त्यांनी पदर तोंडावर घेतला. मग दोघी आत गेलो आणि त्यांनी ओठ खाली ओढला. सोमवारी साडेआठला त्यांना घेऊन निघतेय, म्हणजे यावेळी रांगेत पुढचा नंबर मिळेल.