जुन्या वर्तमानपत्रांचं ऑनलाइन अर्काइव्ह : चौदा महिने वापरल्यानंतर

फेब्रुवारीत रात्री साडेअकराला बँकेचा मेसेज आला : ७,४०० रुपये वजा. वर्गणी आपोआप पुढच्या वर्षासाठी भरली गेली होती. १५,००० रुपयांच्या आतली रक्कम असल्यामुळे ओटीपीसुद्धा मागितला नाही. आदल्या दिवशी आलेली सूचना बाकीच्या मेसेजांच्या गर्दीत माझ्याकडून वाचायची राहिली, तेवढी चूक माझी. पण दुसऱ्या दिवशी सकाळी रद्द करायला गेले, तर 'वर्ष सुरू झालं आहे, पैसे परत नाहीत' असं उत्तर. सहा ईमेल लिहिले, सहाही वेळा तोच मजकूर आला, फक्त खालची नावं बदलली. कंपनी परदेशातली आहे, नाव लिहीत नाही. राग तेव्हा होता, अजूनही आहे. तरी पूर्ण अनुभव लिहायचा तर फक्त रागावर थांबता येणार नाही.

ही वर्गणी मी आईसाठी घेतली. आई ऐंशीला टेकली आहे, माहेर अलिबागजवळचं. तिच्या आजोबांबद्दल घरात एकच वाक्य चालत आलंय : 'ते रामदास बोटीत गेले.' आईचे वडील ती सहा वर्षांची असताना वारले, त्यामुळे नीट सांगणारं कुणी उरलं नाही. रामदास बोट म्हणजे १७ जुलै १९४७, गटारीचा दिवस, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली बोट आणि तिच्याबरोबर बुडालेली सहाशेहून जास्त माणसं. आमच्याकडे अलिबागचा कुणीही आला की हा विषय निघतोच. मला वाटलं, मुंबईचे जुने इंग्रजी पेपर शोधता येतात म्हणे, प्रवाशांच्या यादीत नाव सापडेल.

पहिले दोन महिने वाया गेले. 'रामदास' टाकलं की समर्थ रामदास, रामदास नावाचे वकील, रामदास नावाचे व्यापारी, कापडाच्या जाहिराती. पण खरा त्रास शब्दाचा नव्हता, तारखेच्या चौकटीचा होता आणि आजही आहे. १९४७चा जुलै निवडायचा, शोधायचं, एक पान उघडायचं, मागे यायचं, की चौकट कोरी! पुन्हा १८३८पासूनचा सगळा ढीग समोर. प्रत्येक पानामागे वर्ष, महिना, दिवस नव्याने भरायचे. एका संध्याकाळी मोजलं, सदतीस वेळा भरले. कुणी म्हणेल, एवढीशी गोष्ट. पण एवढीशी गोष्ट सदतीस वेळा करावी लागते आणि त्याचे पैसेही आपणच मोजलेले असतात. तक्रार केली तर 'ब्राउझर बदलून पाहा' म्हणाले. तीन बदलले, फरक शून्य. शेवटी प्रत्येक पान नव्या टॅबमध्ये उघडायचं आणि मागे यायचंच नाही, हा उपाय माझा मीच काढला.

तिसऱ्या महिन्यात मामाने जमिनीच्या दुसऱ्या कामासाठी जुने फेरफार, म्हणजे मालकी बदलल्याच्या सरकारी नोंदी, काढले. त्यातला एक मी सहज वाचायला घेतला. पणजोबा मयत, वारसांत दोन मुलगे, दोघेही अज्ञान म्हणजे वयाने लहान, अ.पा.क. (अज्ञान पालनकर्ता) म्हणून त्यांची आई. नोंदीचं साल १९२९. रामदास बुडाली १९४७ला. मी तो कागद घेऊन बराच वेळ बसले होते. मग मामाला विचारलं, पणजोबांचं श्राद्ध कधी करतोस? तो म्हणाला, कार्तिक वद्यात, त्रिपुरी पौर्णिमा झाली की लगेच. म्हणजे आषाढ अमावास्येशी काहीच संबंध नाही. इतकी वर्षं तिथी घरात पाळली जात होती आणि कुणालाही ती त्या वाक्याशी ताडून पाहावीशी वाटली नाही.

मग १९२९च्या आधीचे कार्तिक महिने उलटे पाहत गेले आणि १९२७पाशी थांबले. त्या वर्षी पौर्णिमा ९ नोव्हेंबरला होती आणि ११ नोव्हेंबरला वादळात एकाच दिवशी कोकण किनाऱ्यावरच्या दोन बोटी बुडाल्या : जयंती आणि तुकाराम. रामदास बोट तर बांधलीच १९३६ साली. लोकांच्या तोंडी शेवटी एकच बोट उरली, मोठ्या अपघाताची.

आता शोध सरळ होईल असं वाटलं. कसलं! 'तुकाराम' टाकलं की अभंग आणि कीर्तनं, 'जयंती' टाकलं की देशातल्या सगळ्या जयंत्या. स्टीमर हा शब्द आणि १२ ते २० नोव्हेंबर एवढ्याच तारखा ठेवल्या, नावं काढून टाकली, तेव्हा बातमी मिळाली. नावाने ती का सापडत नव्हती, हे तिथला यंत्राने वाचलेला मजकूर उघडल्यावर कळलं. जुन्या छपाईत शाई पसरलेली असते, त्यामुळे तुकारामच्या शेवटच्या इंग्रजी 'एम'चा यंत्राने 'आय' आणि 'एन' केला होता. जयंतीतल्या शेवटच्या 'आय'चा 'एल'. पानावर डोळ्यांना दोन्ही नावं स्वच्छ दिसतात, यंत्राला दिसत नाहीत. म्हणून नव्याने शोधणाऱ्यांना कळकळीने सांगते : 'नाव सापडलं नाही' याचा अर्थ 'बातमी नाही' असा घेऊ नका. नाव सोडा, तारीख धरा आणि पान स्वतः वाचा. गावांची नावंही त्या काळच्या इंग्रजीत टाका. ठाणे टाकाल तर काही मिळत नाही, 'थाना' टाका. पुण्याला 'पूना', रायगड जिल्ह्याला 'कुलाबा'.

हे सगळं कळल्यावर मत बदललं. तोपर्यंत पाचपैकी एक तारा द्यायचं ठरवलं होतं, पण ती बातमी मला याच वर्गणीने दिली, हे नाकारणार नाही. पानाची प्रत इतकी स्पष्ट आहे की नौपाड्यात झेरॉक्सवाल्याकडे ए-थ्री आकारात काढली तरी अक्षर फुटलं नाही. शोधाला दोन, पानांच्या दर्जाला पाच.

पैसे मोजण्याआधी काय करायला हवं होतं, तेही लिहिते. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचं ट्रोव्ह हे असंच ऑनलाइन अर्काइव्ह फुकट आहे, न्यूझीलंडचं पेपर्स पास्ट फुकट आहे. आपल्याकडच्या मोठ्या अपघातांच्या तारांवरून आलेल्या बातम्या तिथल्या पेपरांतही असतात. ट्रोव्हवर तर यंत्राची चूक वाचक स्वतः दुरुस्त करू शकतो. तुकारामसारखी चूक दिसली की ती मी तिथल्या तिथे नीट केली असती आणि पुढच्या माणसाचे दोन महिने वाचले असते. मी पैसे भरले तिथे ही सोय नाही, याचं मला फार वाईट वाटतं. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीचं ग्रंथसंजीवनी हे ऑनलाइन अर्काइव्हही आधी पाहा. देवनागरीतले जुने पेपर मात्र बहुतेक ठिकाणी पानं उलटतच वाचावे लागतात, तिथे यंत्राच्या शोधावर विसंबू नका.

आईला ती ए-थ्री प्रत दाखवली. तिने भिंग घेऊन शेवटच्या ओळीपर्यंत वाचली आणि विचारलं, 'यात आजोबांचं नाव कुठे आहे?' नाव नाही. त्या बातमीत प्रवाशांची यादी छापलेली नाही. ती पुढे एखाद्या मराठी पेपरात आली असेल, तर नोव्हेंबर आणि डिसेंबर १९२७चे अंक एकेक करून पाहावे लागतील. वर्गणी फेब्रुवारीपर्यंत आहे, तोवर इंग्रजीतलं उरलेलं संपवते. रद्द करण्याची विनंती आत्ताच पाठवून ठेवली आहे आणि तिची पोच जपून ठेवली आहे.

या वर्षी कार्तिकात मामाकडे जाताना आई ती प्रत बरोबर नेणार आहे.