८५२ नॅनोमीटरचा डायोड लेझर: अणू धरायला चोख, रेणू जोडायला नाही

इंदूरला सांवेर रोडवरच्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये ऑर्डरप्रमाणे जोडून मिळणारा हा लेझर. सीझियमचे अणू थंड करून पकडायचे असतील तर बिनधास्त घ्यावा. पत्रकात मात्र ‘रेणूजोडणीसाठीही उपयुक्त’ अशी ओळ आहे, तिच्या भरवशावर राहू नये.

बांधणी दणकट आहे. अ‍ॅल्युमिनियमचा एकसंध ठोकळा, ठरावीक रंगाचा प्रकाश डायोडकडे परत पाठवणारं, मिलिमीटरला १८०० रेघांचं ग्रेटिंग ५० अंशांवर बसवलेलं, बारीक आट्यांचा स्क्रू कुठेही अडकत नाही. लाइट जाऊन आली तरी करंट हळूहळू चढतो, डायोड वाचतो. सीझियम ज्या रेषेवर प्रकाश शोषतो तिची नैसर्गिक रुंदी ५.२ मेगाहर्ट्झ, लेझरच्या प्रकाशाची अर्ध्या मेगाहर्ट्झच्या आत. थंड करायला तेवढं पुष्कळ.

गोची पावसाळ्यात. झाकणाखाली रबरी रिंग नाही आणि तापमान १८ अंशांवर लावून येतं. जुलैत इंदूरचा दवबिंदू २२-२३ अंशांपर्यंत जातो. ज्या हवेत डब्यातली शेव सादळते, तीच आत शिरून डायोडच्या काचेवर दव धरते. पॉवर पडते, लेझर मोड सोडून (एका वारंवारितेवरून दुसरीवर) उड्या मारतो आणि वापरणारा उगाच ग्रेटिंगचे स्क्रू पिळत बसतो. स्क्रूला हात लावू नका. ओ-रिंग बसवा, सिलिका जेलची पुडी ठेवा, तापमान २५ वर न्या. अंशाला सुमारे ०.३ नॅनोमीटर डायोडची तरंगलांबी सरकते, म्हणून २५ अंशांवर ८५२ देणारा डायोड ऑर्डर देतानाच मागावा.

आता रेणूचं. हार्वर्डमध्ये २०१८ साली सोडियमचा एक अणू ७०० आणि सीझियमचा एक ९७६ नॅनोमीटरच्या प्रकाशचिमट्यात (लेझरच्या केंद्रित झोतात) धरला, दोघांना एकाच चिमट्यात आणलं आणि लेझरने जोडलं. तो रेणू उत्तेजित, क्षणभंगुर. टिकाऊ रेणूची वाट पुढे निघाली: ८६४ गॉसच्या आसपास चुंबकीय क्षेत्र सरकवून आधी सैल जोडी, मग ९२२ आणि ६३५ नॅनोमीटरच्या दोन लेझरनी ती ऊर्जेच्या सर्वांत खालच्या पातळीवर. या दोघांच्या वारंवारितेत सुमारे १४७ टेराहर्ट्झचा फरक, आणि तो किलोहर्ट्झच्या हिशेबात स्थिर हवा. त्यासाठी दोघांना स्थिर कॅव्हिटीवर (समोरासमोरच्या आरशांच्या जोडीवर) लॉक करावं लागतं, करंटला वेगवान इनपुट लागतं. या लेझरमध्ये आहे तो फक्त संथ पिझो, म्हणजे व्होल्टेजने ग्रेटिंग किंचित हलवणारा स्फटिक.

रेणू झाला की सीझियम ८५२ ला चमकत नाही, पण अणू निसटलेला रिकामा चिमटाही तसाच काळा दिसतो. म्हणून रेणू उलटा फोडून अणू पुन्हा चमकतात का ते बघतात. त्या चमकेचा फोटो घ्यायला हा लेझर पुरतो.