लॅम्ब्डामू : रूप लिहून घडवण्याची सोय

लॅम्ब्डामू हे पावेल कर्टिस यांनी १९९० साली झेरॉक्सच्या पार्क या संशोधन केंद्रात सुरू केलेले, इंटरनेटवर अनेकांनी एकत्र वावरायचे, केवळ इंग्रजी मजकुरावर चालणारे जग आहे. टेलनेटने (दूरच्या संगणकाशी मजकुरातून जोडणाऱ्या प्रोग्रामने) ८८८८ या पोर्टवर, म्हणजे त्या संगणकाच्या क्रमांक दिलेल्या दारावर, जोडून घेतले की आपण कोट ठेवण्याच्या एका अंधाऱ्या, अरुंद खोलीत उभे असतो आणि दार उघडून दिवाणखान्यात गेलो की माणसे भेटतात. तेथील पात्राचे रूप कसे घडवता येते, एवढ्याच अंगाने मी हे परीक्षण लिहीत आहे, कारण बेळगावातून त्या जगात जाताना मला सर्वाधिक आनंद याच सोयीने दिला.

रूप घडवण्याची मुख्य आज्ञा एकच आहे. '@डिस्क्राइब मी ॲज' असे टंकून पुढे अवतरणात वर्णन लिहायचे. आपल्याकडे 'लुक' करणाऱ्याला तेच वाचायला मिळते. नाक, डोळे, केस निवडण्याच्या याद्या नाहीत आणि मला ही उणीव वाटत नाही. मी आधी उंची, वर्ण, केस असे सगळे क्रमाने लिहिले होते आणि ते वर्णन शिधापत्रिकेवरच्या नोंदीसारखे निर्जीव झाले होते. मग ते सारे पुसून, खानापूरकडच्या भातशेतीत पावसाळ्यात डोक्यावर घेतात ते इरले माझ्या पात्राला दिले आणि लिहिले की इरल्याच्या कडेवरून अजून पाणी ठिबकते आहे व ते पात्र उभे आहे तेथे जमिनीवर ओले वर्तुळ पडले आहे. चेहऱ्याविषयी एक शब्दही नव्हता, तरी पुढच्याच भेटीत एकाने मला शेकोटीजवळ बसायला जागा करून दिली. दिसण्यापेक्षा मागे काय उरते ते लिहावे, हे मला त्या दिवशी कळले.

दुसरी आज्ञा '@जेंडर'. पुरुष, स्त्री आणि नपुंसक यांखेरीज येथे 'स्पिव्हाक' (ई, एम, एअर ही लिंग न सांगणारी सर्वनामे), अनेकवचनी, स्वतःला 'आम्ही' म्हणवणारे 'रॉयल' असेही पर्याय आहेत. संदेशात '%एस' किंवा '%पी' लिहिले की त्या जागी पात्राचे योग्य सर्वनाम येते. ही रचना सुबक आहे, पण ती इंग्रजीच्या मापाने बेतलेली आहे. मराठीत सर्वनाम बदलून भागत नाही. 'तो हसला', 'ती हसली' यांत क्रियापद बदलते, आणि 'त्याने दार उघडले', 'तिने दार उघडले' यांत मात्र ते कर्त्याकडे न पाहता दाराकडे पाहते. आमच्या भागात तर आणखी एक गोष्ट आहे. मी स्त्री असून लिहिताना 'येते' लिहिते, पण घरी आईपासून भाचीपर्यंत आम्ही सगळ्या जणी 'मी येतो', 'मी गेलो' असेच म्हणतो. शेजारच्या कन्नड घरात 'नानु होदे' म्हणताना बोलणारा पुरुष की स्त्री हे क्रियापद सांगतच नाही. म्हणून 'स्पिव्हाक' निवडताना मला काही परके केल्यासारखे वाटले नाही.

एकाहून अधिक रूपे हवी असणाऱ्यांनी मात्र मक या दुसऱ्या प्रकारची, तीही मजकुरावरच चालणारी जगे पाहावीत. १९९० मध्येच सुरू झालेले फरीमक हे त्यांतले प्रसिद्ध. तेथे माणसाचे, कोल्ह्याचे, पक्ष्याचे अशी वर्णने नावानिशी जपून ठेवता येतात आणि 'मॉर्फ'च्या आज्ञेने क्षणात रूप पालटते. वर्णनातच छोटी सूत्रे पेरून दिवसा एक मजकूर व रात्री दुसरा, असेही साधता येते. लॅम्ब्डामूवर मी मात्र अंगण, प्रवास आणि पाऊस अशी तीन वर्णने वहीत लिहून ठेवली आहेत आणि त्या त्या वेळी ती पुन्हा टंकते; हातांना काम पडते, पण दर वेळी एखादा शब्द सुधारतो.

देवनागरीची सोय नाही, ही सर्वांत मोठी मर्यादा होय. सर्व्हर साध्या आस्की (इंग्रजी अक्षरे, अंक व चिन्हे एवढाच संच असलेल्या) अक्षरांच्या काळातला असल्याने इरले हा शब्द रोमन अक्षरांत लिहावा लागतो आणि त्याचा आमच्या जिभेवरचा उच्चार तेथे हरवतो. तरीही ज्यांना वर्णन लिहायला आवडते, त्यांनी येथे एक संध्याकाळ द्यावी. घाई न करता आधी दिवाणखान्यातल्या चार-पाच जणांकडे 'लुक' करून पाहावे आणि मगच स्वतःचे पहिले वाक्य लिहावे.