माइल्स विकत घेऊन बिझनेस क्लास: आठ महिन्यांचा अनुभव

गेल्या आठवड्यात माझं माइल्सचं खातं तिसऱ्यांदा बंद पडलं. माइल्स म्हणजे विमान कंपनीचे पॉइंट, ते विकत घेऊन त्यांवर तिकीट काढता येतं. कारण तेच, नाव जुळत नाही. आत माझे २०,००० माइल्स अडकलेत. म्हणून आज बसून सगळं लिहून काढतेय.

बोनसचा सेल असला की घेतलेल्या माइल्सवर आणखी माइल्स फुकट मिळतात. मी गेल्या जूनमध्ये अशा सेलमध्ये घेतले. १०० टक्के बोनस होता, म्हणजे १,१०,००० माइल्सच्या पैशांत २,२०,००० माइल्स. डॉलर ८६ च्या आसपास होता, ३,६३० डॉलर भरले. कार्डावर साडेतीन टक्के परकीय चलन शुल्क आणि त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी जवळजवळ तेरा हजार. हे तेरा हजार जाहिरातीत कुठेच दिसत नाहीत. तिकिटं काढताना दोघांच्या जाण्या-येण्याचे, म्हणजे चारही प्रवासांचे मिळून ३८,००० रुपये कर वेगळे. माझं आणि यांचं मुंबई-फ्रँकफर्ट बिझनेसमध्ये जाऊन-येऊन ३ लाख ६३ हजारांत पडलं. त्याच तारखांना रोख तिकीट माणशी २ लाख ४० हजार दाखवत होतं. इकॉनॉमीत दोघांचं सव्वा लाखात झालं असतं, हेही सांगते, म्हणजे कुणी याला फुकटचा प्रवास समजायला नको.

एवढा खर्च केला तो यांच्या पाठीसाठी. दोन वर्षांपूर्वी मणक्याचं ऑपरेशन झालं. तासभर सलग बसलं की डाव्या पायात कळ उतरते. मुलीचं बाळंतपण जर्मनीत, आणि हे म्हणाले, तू एकटी जा. ते मला पटेना. पहिली नात, आणि आजोबा इथे सोलापुरात बसून फोनवर बघणार?

आता नावाचं. माझ्या पासपोर्टवर ‘गिव्हन नेम’च्या रकान्यात माझं नाव आणि त्यापुढे यांचं नाव आहे, आडनाव वेगळ्या रकान्यात. आपल्याकडे बहुतेक बायकांचं असंच असतं. खातं उघडताना मी नुसतं नाव आणि आडनाव भरलं, मधल्या नावाला रकानाच नव्हता. कार्डावर फक्त आद्याक्षर. पैसे गेले, माइल्स जमा झाले आणि दुसऱ्या दिवशी खातं गोठलं. पासपोर्ट पाठवला. उत्तर आलं, पासपोर्टवरचं पहिलं नाव खात्याशी जुळत नाही. लग्नाचा दाखला पाठवला. तो मराठीत आहे, म्हणून परत आला. भाषांतर करून, नोटरीचा शिक्का मारून पुन्हा पाठवला. रात्री साडेअकराला फोन लावायचा, पाऊण तास संगीत ऐकायचं, मग पलीकडच्या माणसाला यांचं नाव एकेक अक्षर सांगायचं. तो विचारायचा, हे तुमचं नाव आहे की तुमच्या नवऱ्याचं? मी म्हणायचे, दोन्ही. हे त्याच्या फॉर्ममध्ये बसत नव्हतं. खातं सुरू व्हायला एकोणीस दिवस गेले. त्या एकोणीस दिवसांत मी हेरून ठेवलेल्या १२ ऑक्टोबरच्या दोन्ही सीट गेल्या.

म्हणून खातं उघडण्याआधी पासपोर्ट शेजारी ठेवा. गिव्हन नेममध्ये जे आहे ते सगळं ‘फर्स्ट नेम’मध्ये भरा, पतीचं किंवा वडिलांचं नाव असेल तर तेही. या एका गोष्टीसाठी मी हे सगळं लिहितेय म्हटलं तरी चालेल.

माझी दुसरी चूक म्हणजे आधी माइल्स घेतले आणि मग सीट शोधली. उलटं करा. माइल्सवर द्यायच्या बिझनेसच्या सीट मोजक्याच असतात. विमानात जागा रिकामी दिसली म्हणजे ती माइल्सवर मिळेलच असं नाही. विकत घेतलेले माइल्स परत करता येत नाहीत. शेवटी १९ ऑक्टोबर मिळाली, म्हणजे दिवाळी तिकडे. यांना ते लागलं, पण काही बोलले नाहीत.

मधल्या काळात इथल्या नवी पेठेतल्या एका एजंटने सांगितलं, “काकू, माझ्याकडे दुसऱ्यांचे माइल्स आहेत, अजून स्वस्तात तिकीट काढून देतो.” तीस-चाळीस हजार वाचले असते, मन झालं होतं. पण माइल्सची अशी विक्री जवळपास सगळ्याच कंपन्यांच्या नियमांत बसत नाही. सापडलं तर तिकीट रद्द होतं, अगदी परतीचं राहिलेलंसुद्धा. पाठीचा पट्टा लावलेल्या माणसाला घेऊन परदेशात अडकायची माझी तयारी नव्हती.

तिकीट हातात आलं तेव्हा आणखी एक धक्का बसला. माझं आणि यांचं नाव मध्ये जागा न सोडता एकच शब्द म्हणून छापलेलं. दोन रात्री झोप नाही. मुंबईच्या काउंटरवर त्या मुलीने पासपोर्ट बघितला, तिकीट बघितलं आणि बोर्डिंग पास दिला. नावं अशी जोडूनच छापतात म्हणाली. म्हणजे तिकीट काढणाऱ्या यंत्रणेला आपली नावं चालतात, खात्याच्याच यंत्रणेला चालत नाहीत. याचा राग अजून गेलेला नाही.

इथपर्यंत माझं मत ‘या भानगडीत पडू नका’ असंच होतं. विमानात ते बदललं. जेवण झाल्यावर यांनी सीट आडवी केली. उजव्या कुशीवर झाले, गुडघ्यांमध्ये उशी घेतली, पट्टा सैल केला. मी दर अर्ध्या तासाने बघत होते. चेहऱ्यावर कळ नव्हती. ऑपरेशननंतर घरीसुद्धा ते सलग तीन तासांच्या वर झोपलेले मी पाहिले नव्हते, तिथे साडेचार तास झोपले. सोलापूरहून मुंबईला जाताना आम्ही वंदे भारत टाळून रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस घेतली होती ती खालच्या बर्थवर पाठ टेकता यावी म्हणूनच. तीच सोय इथे आकाशात मिळाली. फ्रँकफर्टला हे स्वतःच्या पायांनी चालत बाहेर आले. जावईबापू व्हीलचेअर घेऊन उभे होते, ती लागली नाही.

सामानाचं मी आधी धरलंच नव्हतं. आमच्या तिकिटावर माणशी ३२ किलोच्या दोन बॅगा होत्या. दोन चादरी, बाळाची दुपटी, शेंगा चटणी, कडक भाकऱ्यांची थप्पी, सगळं गेलं.

जानेवारीत परत आलो. आता त्याच सीटला एका बाजूच्या प्रवासासाठी ५०,००० ऐवजी ६०,००० माइल्स लागतात, आधी कळवलंही नाही. ‘पुढच्या वेळी होतील’ म्हणून मी जे २०,००० जास्त घेतले, त्यांचे साडेएकोणतीस हजार झाले होते. ते पैसे बँकेत ठेवायला हवे होते. लागतील तेवढेच घ्या, एकही जास्त नको.

पुढच्या वर्षी नातीच्या वाढदिवसाला जायचं आहे. तेव्हा माइल्स फक्त यांच्यासाठी घेणार, मी मागे इकॉनॉमीत बसेन, माझी पाठ धड आहे. खातंही यांच्याच नावाने, पासपोर्टवर आहे तसं, अक्षर न अक्षर. माझ्या खात्यासाठी काल चौथ्यांदा पासपोर्ट पाठवलाय, लग्नाच्या दाखल्याच्या भाषांतरासकट.