गोल्फचं प्रवासी कव्हर: नऊ महिने, दोन परदेशवाऱ्या, एक मोडलेला ड्रायव्हर

दसऱ्याच्या सुमारास ऑनलाइन मागवलं होतं, साडेआठ हजारांना. काळं, मऊ, जाड कापडाचं, खाली दोन चाकं. आख्खी गोल्फ बॅग क्लबांसकट (म्हणजे खेळायच्या काठ्यांसकट) आत सरकवायची आणि चेन ओढायची. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण तक्रार करणार आहे, आणि या जातीची सगळी मऊ कव्हरं थोड्याफार फरकानं अशीच असतात.

मी बडोद्याच्या दांडिया बाजारातला. निवृत्त झाल्यावर खेळायला लागलो, म्हणजे उशिराच. लक्ष्मी विलास पॅलेसच्या आवारातला कोर्स, म्हणजे गोल्फचं मैदान, 1930 च्या दशकात महाराजांच्या युरोपीय पाहुण्यांसाठी आखलेला; तिथे सकाळी मोरांच्या साक्षीनं चेंडू झाडीत घालवणं हा माझा नित्यनेम. तेव्हा हा अनुभव एका साध्या हौशी खेळाडूचा आहे, एवढं धरून वाचा.

पहिली वारी दिवाळीनंतर थायलंडची, चौघं मित्र. बडोद्याहून रात्री गाडीनं अहमदाबाद, तिथून विमान. घरापासूनच धडा सुरू झाला: सव्वा मीटरहून लांब असलेलं हे धूड डिझायरच्या डिकीत आडवं जात नाही. मागच्या सीटवर ठेवावं लागतं, म्हणजे चारांतली दोन माणसं कमी. शेवटी मोठी गाडी केली. क्लब केबिनमध्ये नेऊ देत नाहीत हे बहुतेकांना माहीत असतं, पण चेक-इननंतरही ते नेहमीच्या पट्ट्यावर जात नाहीत. मोठ्या सामानाच्या वेगळ्या काउंटरवर उचलून न्यावे लागतात. अर्धा तास जादा धरा.

हुआ हिनला पोचून चेन उघडली तर ड्रायव्हरचा, म्हणजे सर्वांत लांब क्लबचा, शाफ्ट (दांडी) क्लबच्या डोक्याच्या जरा वरून चिरलेला. विमान कंपनीनं अर्ज घेतला, फोटो घेतले आणि उत्तर दिलं की मऊ वेष्टनातल्या वस्तूंची जबाबदारी आमची नाही. कव्हरवाल्यांनी सांगितलं, आमच्या कापडाला काही झालेलं नाही. दोघंही आपापल्या जागी बरोबर! चार दिवस मी तीन नंबरच्या वुडनं, म्हणजे ड्रायव्हरहून आखूड क्लबनं, टी-ऑफ (पहिला फटका) केलं. रॉयल हुआ हिन हा 1924 चा कोर्स, अगदी रेल्वे स्टेशनाला लागून, आणि आखलाही एका स्कॉटिश रेल्वे इंजिनिअरनं. तिथे कॅडी, म्हणजे बॅग सांभाळणारा सोबती, सक्तीचा, बहुतेक बायकाच असतात. माझ्या कॅडीबाईंनी तो चिरलेला शाफ्ट पाहून नुसती मान हलवली. असे बरेच पाहिले असावेत.

दोष कुठे होता ते परत आल्यावर कळलं. बॅग आडवी आपटली तर कापडातला फोम सांभाळून घेतो. पण ती उलटी, डोक्यावर उभी पडली की सगळं वजन सर्वांत लांब क्लबवर, म्हणजे ड्रायव्हरवर येतं. त्याच्यापेक्षा लांब असा एक दांडा बॅगेत उभा असला की मार तो खातो. असे घडीचे दांडे विकत मिळतात, किंमत ऐकून मी गप्प बसलो. रावपुऱ्यातल्या हार्डवेअरवाल्याकडून एक इंची पीव्हीसी पाइप घेतला, 48 इंचांवर कापून. माझा ड्रायव्हर साडेपंचेचाळीस इंची. वर आजोबांच्या काठीला लावतात तसला रबरी बूट. सगळे मिळून नव्वद रुपये. साडेआठ हजारांच्या कव्हरात जे नव्हतं ते नव्वद रुपयांत आलं. मी एक तारा कापतोय तो याचाच.

दुसरं म्हणजे ड्रायव्हरचं डोकं सुटं होत असेल तर पान्यानं काढून मोज्यात गुंडाळा. पान्याला पाउचमध्येच ठेवा, नाहीतर तिकडे पोचून डोकं एकीकडे आणि दांडी एकीकडे.

जूनमध्ये स्कॉटलंड. या वेळी सौ. बरोबर होती आणि क्लबातला एक मित्र. वजनाचा हिशेब मी वहीत मांडला होता: कव्हर पावणेचार किलो, क्लब आणि बॅग मिळून साडेसात, बूट आणि पावसाळी सूट दोन. चेंडूचं वजन नियमानं जास्तीत जास्त 45.93 ग्रॅम, म्हणजे दोन डझन एक किलोच्या वर. तेवीस किलोंत उरलेली जागा सौ.नं लीलो चिवडा आणि थेपल्यांनी भरली. थेपले जसेच्या तसे पोचले. चिवड्याचा भुगा झाला, तो तिथे दह्यात कालवून खाल्ला. अहमदाबादला स्कॅनरवरच्या पोरानं पाइप काढायला लावला. दोन्हीकडून आरपार बघितलं, हसला आणि परत दिला. म्हणून सांगतो, पाइपची तोंडं पक्की बंद करू नका; बूटही काढता येईल असंच बसवा.

एडिनबरोहून सेंट अँड्र्यूजला, म्हणजे गोल्फच्या पंढरीला, थेट रेल्वे नाही. ल्यूकर्सला उतरून 99 नंबरची बस. बसच्या पोटात कव्हर आरामात मावलं. चाकांची परीक्षा मात्र दगडी फरसबंदीवर झाली. एक चाक तिसऱ्या दिवशी लंगडायला लागलं, अजून लंगडतंय. चार चाकांची कव्हरं विमानतळावर छान पळतात, पण असल्या दगडांवर त्यांची बारीक चाकं किती टिकतील याची मला शंका आहे.

स्वतःचे क्लब न्यावेत की तिकडे भाड्यानं घ्यावेत, हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त लोक विचारतात. सेंट अँड्र्यूजच्या प्रसिद्ध ओल्ड कोर्सवर आगाऊ वेळ मिळाली नाही तर रोजच्या सोडतीत नाव घालायचं: किमान दोघं, खेळायच्या दोन दिवस आधी दुपारी दोनच्या आत. आम्ही तीनदा घातलं, तिन्ही वेळा नाही लागलं. मग काय, जूनमध्ये तिथे रात्री दहापर्यंत उजेड. संध्याकाळी साडेपाचला न्यू कोर्सवर जागा आहे कळलं, खोलीतून बॅग उचलली आणि गेलो. हा ‘न्यू’ 1895 चा, बरं का. अशा आयत्या वेळच्या खेळाला स्वतःची बॅग हाताशी हवी. पण दोनच फेऱ्या खेळायच्या असतील आणि दोन्ही आधी ठरलेल्या, तर हे धूड ओढू नका. भाड्याचा सेट घ्या, फक्त बूट आणि पटर (चेंडू हळूच ढकलून भोकात घालायचा क्लब) घरून न्या.

रविवारी ओल्ड कोर्स खेळाला बंद असतो, गावकरी त्यावर कुत्री फिरवतात. आम्हीही फिरलो, त्यावरच्या छोट्या दगडी स्विल्कन पुलावर फोटो काढले. शेजारीच ‘हिमालयाज’ नावाचं उंचसखल पटिंग ग्रीन आहे, 1867 साली स्थापन झालेल्या बायकांच्या पटिंग क्लबचं. थोडे पौंड देऊन कोणीही खेळू शकतं. आयुष्यात पटर हाती न धरलेल्या सौ.नं तिथे मला चार फटक्यांनी हरवलं. हे कव्हरच्या परीक्षणात येत नाही, पण तिनं लिहायला लावलंय.

एक कागदाचं काम: महागडा सेट असेल तर निघताना विमानतळावर कस्टम्सकडून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट करून घ्या, म्हणजे परतताना हे तिकडून आणलं का, असा वाद होत नाही. मी पहिल्यांदा केलं नव्हतं, कोणी विचारलंही नाही. दुसऱ्यांदा केलं.

आजची स्थिती: चेन शाबूत, शिवण एका कोपऱ्यात उसवली होती ती मंगळ बाजारातल्या बॅग दुरुस्तीवाल्यानं घालून दिली, एक चाक लंगडं, कापडाचा रंग धुळीसारखा. येतानाही क्लब सगळे शाबूत, पाइपच्या बुटाला मात्र खोल चीर. पाचांतले साडेतीन तारे. एक पाइपसाठी गेला, अर्धा चाकासाठी.

डिसेंबरमध्ये मित्राला परत थायलंडला जायचंय, कव्हर मागतोय. नेऊ दे. पाइप मी काढून ठेवलाय, त्याला रावपुऱ्यातल्या दुकानाचा पत्ता दिला.