डॉक्सोरुबिसिन आणि ट्रास्टुझुमॅब : हृदयाला जास्त धोका कशाचा?

स्तनाच्या कर्करोगात दोन्ही औषधं वापरतात आणि दोन्ही हृदयाला त्रास देऊ शकतात, पण तऱ्हा अगदी वेगळी.

डॉक्सोरुबिसिन म्हणजे शिरेतून दिलं जाणारं ते लालभडक औषध. त्याचा हिशेब आयुष्यभराचा. शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरमागे एकूण 400 मिलिग्रॅम झाले की हृदय कमकुवत पडण्याचं प्रमाण सुमारे 5 टक्के; 550 ला ते 26 टक्क्यांच्या घरात जातं. मेलेल्या स्नायुपेशी जवळपास परत येत नाहीत आणि लक्षणं कधी कधी कित्येक वर्षांनी दिसतात. म्हणून एकूण डोस लिहिलेली जुनी फाइल जपून ठेवाच. पुढे कधीही डॉक्टर तोच आकडा विचारतील.

ट्रास्टुझुमॅब खरं तर केमो नव्हे. हर-टू पॉझिटिव्ह, म्हणजे पेशींवर हर-टू (HER2) नावाचं प्रथिन जास्त असलेल्या गाठींवर नेमका मारा करणारं औषध. इथे एकूण डोसाचा प्रश्न नसतो. पंपिंग मंदावतं, पण औषध थांबवलं की बहुतेकांचं सावरतं. त्यासाठी ते वेळेत कळायला हवं, म्हणून दर तीन महिन्यांची टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) चुकवू नका.

मला जास्त धास्ती पहिल्याचीच वाटते. दोन्ही सहसा एकत्र न देता एकामागून एक देतात. पाय सुजले किंवा उताणं झोपल्यावर धाप लागली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता लगेच डॉक्टरांना कळवा.